स्त्री-हक्कांच्या चळवळीत सुरुवातीला इतक्या क्वेकर बायका कुठून आल्या?

ओवी_अभंग:
मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात आहे. इथे इतिहासाचे जाणकार आहेत म्हणून विचारते.

९ जुलै १८४८. न्यूयॉर्क राज्यातलं वॉटरलू नावाचं छोटं गाव. जेन हंट नावाच्या बाईंच्या घरी चहाला पाच जणी जमल्या: जेन हंट, मेरी ॲन मॅक्लिंटॉक, लुक्रेशिया मॉट, तिची धाकटी बहीण मार्था राइट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन. बोलता बोलता ठरलं की बायकांच्या हक्कांवर जाहीर परिषद घ्यायची. दोन दिवसांत स्थानिक पेपरात जाहिरात आली आणि १९-२० जुलैला शेजारच्या सेनेका फॉल्समधल्या वेस्लियन चॅपलमध्ये परिषद झालीसुद्धा. दहा दिवसांत! सुमारे तीनशे लोक आले आणि जाहीरनाम्यावर शंभर सह्या झाल्या, ६८ बायकांच्या आणि ३२ पुरुषांच्या.

त्या पाच जणींत स्टँटन सोडली तर बाकी चौघी क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ), निदान क्वेकर घरात वाढलेल्या. आणि या चौघींवरच हे थांबत नाही. ग्रिमके भगिनी, ॲबी केली, सुसान बी. अँथनी, पुढच्या शतकात ॲलिस पॉल. अख्ख्या अमेरिकेत हा पंथ मूठभर लोकांचा. मग चळवळीत यांचीच नावं इतकी का?

नेहमीचं उत्तर मला माहीत आहे: प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश असतो असं ते मानतात, म्हणून स्त्री-पुरुष समान. पण मला ते फार सोपं वाटतं. आत्म्याला लिंग नसतं असं म्हणणारे धर्म काय कमी आहेत? त्यातून कुठे परिषदा निघाल्या? तुम्हाला काय वाटतं?

जुनाखोड:
चांगला विषय काढलात ओवीताई. उत्तर सोपं वाटतंय कारण तुम्ही ते १८४८पासून बघताय. दोनशे वर्षं मागे जा.

सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने हा पंथ सुरू केला. पगारी पाद्री नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उभं राहून बोलायचं. ‘त्याने’ म्हणजे ‘तिने’सुद्धा. मार्गारेट फेल या बाईने १६६६ साली बायकांनी धर्मसभेत बोलणं कसं योग्य आहे यावर पुस्तिकाच लिहिली, तीही लँकेस्टरच्या तुरुंगात असताना. त्याआधी १६६० मध्ये मेरी डायरला बॉस्टनला फासावर चढवलं. हद्दपार केल्यावरही ती पुन्हा पुन्हा तिथे परतत होती, एवढाच तिचा गुन्हा.

म्हणजे १८४८ उजाडेपर्यंत या पंथातल्या बायका पावणेदोनशे-दोनशे वर्षं स्त्री-पुरुषांच्या मिश्र सभेत उभ्या राहून बोलत होत्या. प्रवचनं देत गावोगाव फिरत होत्या, प्रसंगी समुद्र ओलांडून. लुक्रेशिया मॉटला १८२१ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांची असताना, पंथाने धर्मोपदेशक म्हणून मान्यता दिली. बाकीच्या अमेरिकेत १८३०च्या दशकातही बाईने पुरुषांपुढे भाषण करणं म्हणजे लाज सोडणं. सिद्धांत सोडा, सवय बघा.

चहाटळ:
ओट्सवाले ना हे? डब्यावर तो टोपीवाला आजोबा असतो ते?

फिलीकर:
@चहाटळ, या प्रश्नाची वाटच बघत होतो. त्या कंपनीचा या पंथाशी काडीचा संबंध नाही. प्रामाणिकपणाबद्दल क्वेकरांचं नाव होतं, ते १८७७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून उचललं, बस.

मी फिलाडेल्फियात राहतो. ऑफिसातल्या एका बाईंच्या आमंत्रणावरून एकदा त्यांच्या रविवारच्या मीटिंगला गेलो होतो. साध्या लाकडी बाकांवर सगळे बसले. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. कुणाचं तरी पोट वाजलं तेही ऐकू आलं. मग एक आजीबाई उठल्या, शेजारच्या तुरुंगातून सुटून आलेल्या मुलाबद्दल चार वाक्यं बोलल्या आणि बसल्या. कुणी टाळी नाही, कुणी उत्तर नाही. पुन्हा शांतता. तासाभराने दोघांनी हस्तांदोलन केलं आणि संपलं. मी घाबरत होतो की मलाही बोलायला लावतील. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पण मला जास्त आवडली ती तिथली भिंत. जुन्या मीटिंग हाउसांत मधोमध लाकडी पडदी असते, वरखाली सरकणाऱ्या फळ्यांची. प्रार्थनेच्या वेळी फळ्या उघड्या, सगळे एकत्र. कारभाराची सभा सुरू झाली की फळ्या बंद. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, आणि दोघांचा कारभार वेगळा चालायचा. बायकांच्या बाजूला त्यांची स्वतःची क्लार्क (म्हणजे सभा चालवून निर्णय लिहिणारी), स्वतःचं इतिवृत्त, स्वतःचा निधी.

लग्नात पाद्री नाही. वधूवर एकमेकांना सारखंच वचन देतात आणि नवऱ्याच्या आज्ञेत राहीन असं कलम त्यात नाहीच. मग हजर असलेली सगळी माणसं, बायका-पोरं धरून, दाखल्यावर सही करतात.

निवडुंग:
सुंदर चित्र आहे. आता जरा दुसरी बाजू.

ग्रिमके भगिनी, सारा आणि अँजेलिना. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या, बाप न्यायाधीश, घरात गुलाम. त्या पापातून सुटायला फिलाडेल्फियाला येऊन क्वेकर झाल्या. तिथे काय झालं? १८३६ मध्ये सारा मीटिंगमध्ये बोलायला उभी राहिली तर एका वडीलधाऱ्याने तिला मध्येच थांबवून खाली बसवलं. अँजेलिनाने १८३८ मध्ये थिओडोर वेल्डशी लग्न केलं, तो पंथाबाहेरचा, म्हणून तिला काढलं. सारा त्या लग्नाला हजर राहिली म्हणून तिलाही काढलं. लग्नाला हजर राहिली म्हणून!

मार्था राइट, जिचं नाव वर चहाच्या यादीत आहे, तिलाही तरुणपणीच पंथाबाहेर लग्न केलं म्हणून काढलेलं. ॲबी केलीने १८४१ मध्ये स्वतःच राजीनामा दिला. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांना पंथाची दारं बंद होत होती त्याचा तिला वीट आला होता.

आणि तो समतेचा बाक. फिलाडेल्फियाच्या मीटिंग हाउसमध्ये काळ्या लोकांसाठी वेगळा बाक होता. सारा मॅप्स डग्लस ही काळी शिक्षिका आणि तिची आई ग्रेस, दोघी तिथे बसत. ग्रिमके भगिनी मुद्दाम जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या, तेही पंथातल्या मोठ्यांना रुचलं नाही. ग्रेस डग्लस हयातभर येत राहिली आणि तिला कधी सभासद करून घेतलं नाही.

माझं म्हणणं एका ओळीत: चळवळीतल्या क्वेकर बायका म्हणजे बहुतांशी क्वेकरांना नको झालेल्या बायका.

जुनाखोड:
निवडुंगराव, काटे टोचतात पण निम्मेच खरे आहेत. लुक्रेशिया मॉटला कुणी काढलं? प्रयत्न झाले, कबूल. पण १८८०मध्ये वारली तोवर ती सभासद आणि मान्यताप्राप्त उपदेशक होती. जेन हंट, मेरी ॲन मॅक्लिंटॉक, रॉचेस्टरची एमी पोस्ट, यांना कुणी हाकललं नव्हतं. यातल्या काहीजणी स्वतः वेगळ्या झाल्या.

आणि ‘काढलं’ म्हणजे आपल्याकडच्यासारखं वाळीत टाकणं नव्हे. काढलेला माणूस प्रार्थनेला येऊन बसू शकत असे, कारभारात मात्र त्याचा आवाज नसे. नातीगोती, दुकानदारी चालूच.

निवडुंग:
कारभारात आवाज नसे, हेच तर मी म्हणतोय काका. बायकांचा प्रश्न तोच होता ना?

लंडनचं राहिलंच. जून १८४०, जागतिक गुलामगिरीविरोधी परिषद. अमेरिकेतून रीतसर निवडून गेलेल्या बायका प्रतिनिधी दारात उभ्या आणि आत दिवसभर वाद, यांना बसू द्यायचं की नाही. नाही असं ठरलं. बायकांना कठड्यापलीकडे प्रेक्षक म्हणून बसवलं. परिषद कुणी भरवली होती? जोसेफ स्टर्ज आणि मंडळींनी. स्टर्ज कोण? क्वेकर.

माईची_लेक:
मी इतिहासाची अभ्यासक वगैरे नाही, पण फिलीकरांनी लिहिलेल्या बंद फळ्यांवर अडकले आहे.

माझी आजी आमच्या तालुक्याच्या गावात महिला मंडळाची चिटणीस होती. सातवी शिकलेली. तिच्या हस्ताक्षरातलं इतिवृत्ताचं रजिस्टर माझ्याकडे आहे. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.’ हळदीकुंकवाचा खर्च असला तरी तो असाच मांडलेला. पुढे गावात दारूच्या दुकानाविरुद्ध बायका उठल्या तेव्हा तहसीलदाराकडे जायचं निवेदन आजीने एका बैठकीत लिहून सह्यांनिशी तयार केलं. गावातले शिकलेले पुरुष नुसते बोलत होते. तिला कागद कसा करायचा ते ठाऊक होतं, कारण वीस वर्षं तेच करत आली होती.

ओवीताईंनी ‘दहा दिवसांत!’ असं उद्गारचिन्ह टाकलंय ना, तिथेच मला उत्तर दिसतं. परिषद ठरवायची, जाहिरात द्यायची, मसुदा करायचा, ठराव मांडायचे, सह्या घ्यायच्या, अहवाल छापायचा. हे ज्यांना नवीन असतं त्यांचे दहा दिवस अध्यक्ष कोण यातच जातात. या बायका दर महिन्याला ते करत होत्या.

चहाटळ:
आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वीस मिनिटं शांतता झाली तर लोक अँब्युलन्स बोलावतील.

माईची_लेक:
@चहाटळ, बोलणारे सगळे पुरुष सभासदच असतात, बघा आठवून. बायका पार्किंगचा विषय येईपर्यंत थांबतात आणि तोवर सभा तहकूब होते.

रानमेवा:
माईची_लेक यांना +१. शाळेचीही भर घालते.

मॉट नँटकेट बेटावरची. तिथले पुरुष देवमाशांच्या शिकारीला जहाजावर गेले की वर्षानुवर्षं परतायचे नाहीत, दुकानं आणि व्यवहार बायका सांभाळायच्या. तिच्या आईने दुकान चालवलं होतं. मग ती न्यूयॉर्क राज्यातल्या नाइन पार्टनर्स या क्वेकर निवासी शाळेत शिकली. मुलं-मुली दोन्ही तिथे शिकायची, मात्र एकमेकांशी बोलायची बंदी. एका मुलाला शिक्षा म्हणून कोंडलं तेव्हा हिने दाराखालून त्याला पाव सरकवला होता म्हणे. पुढे तिथेच शिक्षिका झाल्यावर कळलं की बायकांचा पगार पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी, आणि मुलींची फी मात्र मुलांइतकीच. तिने पुढे सांगितलंय की अन्यायाची ही गोष्ट तिच्या मनात तेव्हाच बसली.

अजून एक, पैशाच्या बाजूने. या लोकांनी गुलामांच्या श्रमांतून आलेला माल टाकला होता. मॉटच्या घरात कापूस नाही, उसाची साखर नाही. नवरा जेम्स कापसाच्या व्यापारात होता, त्याने भरभराटीचा धंदा सोडून लोकर धरली. वॉटरलूला मॅक्लिंटॉक यांचं औषधांचं दुकान होतं, तिथेही गुलामांच्या श्रमांवाचून बनलेला माल विकायला ठेवत. तो माल महाग आणि बऱ्याचदा सुमार. घरात कुठलं कापड येणार, मुलांना कुठला खाऊ मिळणार, हे ठरवणारी बाई म्हणजे राजकारणातच होती. फक्त त्याला राजकारण कुणी म्हणत नव्हतं.

कट्टा_सदस्य:
वाचतोय. मस्त धागा.

फिलीकर:
रानमेवा, गुलामगिरीचा विषय काढलात म्हणून आमच्या गावची एक गोष्ट सांगतोच. निवडुंग यांनाही आवडेल, कारण यात कुणीच पूर्ण चांगलं नाही.

१८३३ मध्ये इथे बायकांची गुलामगिरीविरोधी संस्था निघाली. मॉट तर होतीच, सारा मॅप्स डग्लस आणि फोर्टन घराण्यातल्या काळ्या बायकाही पहिल्यापासून होत्या. तिथे मॉटसारख्या बाईलाही ठराव, मतदान, अध्यक्षपद असल्या जाहीर सभेच्या पद्धती नवीन होत्या, कारण क्वेकर सभेत मतदान नसतंच. क्लार्क सगळ्यांचा कल बघून तिथल्या तिथे निर्णय लिहून वाचून दाखवते.

पुढे गुलामगिरीविरोधी सभांना हॉल मिळेनात म्हणून वर्गणी काढून पेनसिल्व्हेनिया हॉल बांधला. १४ मे १८३८ ला उद्घाटन. त्याच आठवड्यात तिथे बायकांचं अधिवेशन होतं. १६ तारखेला संध्याकाळी बाहेर हजारोंचा जमाव, खिडक्यांवर दगड, आत अँजेलिना ग्रिमके बोलतेय. दोनच दिवसांपूर्वी तिचं लग्न झालेलं. तासाभराहून जास्त बोलली. दुसऱ्या दिवशी महापौरांकडून निरोप आला की काळ्या बायकांना येऊ देऊ नका, म्हणजे जमाव शांत होईल. बायकांनी नाही म्हटलं. बाहेर पडताना गोऱ्या आणि काळ्या बायका हातात हात घालून जोडीजोडीने त्या गर्दीतून चालत गेल्या. त्या रात्री, म्हणजे १७ मे ला, जमावाने हॉल जाळला. अग्निशामक दलाने शेजारच्या इमारतींवर पाणी मारलं, हॉलवर नाही.

मग जमाव निघाला मॉटच्या घराकडे. तिच्या ओळखीतला एक माणूस गर्दीत घुसला, ‘चला मॉटकडे!’ असं ओरडला आणि सगळ्यांना भलत्याच रस्त्याने घेऊन गेला. मॉट कुटुंब घरात पाहुण्यांसह वाट बघत बसलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिवेशन सारा पूच्या शाळेत पुढे चालू झालं.

हॉल उद्घाटनानंतर तीन दिवस टिकला. जागेवर आता पाटी आहे.

निवडुंग:
हे आवडलं. सभ्य क्वेकर मंडळींना तेव्हा मॉटचं वागणं किती खटकलं असेल तेही लिहा कधीतरी.

सातासमुद्रा:
थोडं अवांतर, पण आपल्या जवळचं. आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या ते फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं, आणि सुरू करणाऱ्यांत क्वेकर डॉक्टर पुढे होते. ॲन प्रेस्टन ही क्वेकर मुलगी पहिल्याच तुकडीत शिकली, तिथेच प्राध्यापक झाली आणि १८६६ मध्ये डीन.

नोव्हेंबर १८६९ मध्ये प्रेस्टनने आपल्या विद्यार्थिनींना पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या क्लिनिकला बसायची परवानगी मिळवली. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, बाहेर पडल्यावर मागे लागले. मुली पुन्हा गेल्या. आनंदीबाई तिथे पोचल्या तेव्हा प्रेस्टन जाऊन दहाएक वर्षं झाली होती, पण वाट तिने पाडलेली होती. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

जुनाखोड:
छान आठवण. मात्र आनंदीबाईंच्या वेळच्या डीन रेचल बॉडली क्वेकर नव्हत्या, आणि ज्यांच्या घरी त्या राहिल्या त्या कार्पेंटरबाईही नव्हेत. सगळंच क्वेकरांच्या खात्यावर नको.

पुणेरी_वाडा:
१८४८ म्हटलं की आम्हाला भिडेवाडा आठवतो. तिकडे सेनेका फॉल्स, इकडे सावित्रीबाईंची शाळा. एकाच वर्षी! काहीतरी संबंध असणारच.

निवडुंग:
@पुणेरी_वाडा, वर्ष एक आहे, संबंध नाही. खरा धागा हवा असेल तर जोतीरावांचा घ्या. १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या लोकांत या बायका येतात. पुण्यात बसून ज्यांना मान दिला त्यांत बायकाही होत्या एवढं म्हणता येईल. त्यापुढे ताणू नका.

पुणेरी_वाडा:
ताणत नाही, पण वर्ष एकच आहे हे तुम्हीही मान्य केलंत :)

शब्दवेडी:
सुसान बी. अँथनीबद्दल कुणीच लिहीत नाहीये? सेनेका फॉल्सची मुख्य नेता तीच ना?

रानमेवा:
नाही हो, ती तिथे नव्हतीच. तेव्हा ती शाळेत शिकवत होती. तिचे आईवडील आणि बहीण मेरी दोन आठवड्यांनी झालेल्या रॉचेस्टरच्या परिषदेला गेले. स्टँटनशी तिची भेट १८५१ मध्ये झाली. बाप डॅनियल क्वेकर, आई नाही. १८७२ मध्ये रॉचेस्टरला तिने मतदान केलं, अटक झाली, पुढच्या वर्षी शंभर डॉलर दंड. तो तिने कधीच भरला नाही.

मताच्या मागणीवरून आठवलं. सेनेका फॉल्सला स्टँटनने मताधिकाराचा ठराव आणला तेव्हा मॉटच बिचकली होती, लोक हसतील म्हणून. फ्रेडरिक डग्लस (गुलामीतून निसटलेला काळा वक्ता) उभा राहून बोलला आणि मग ठराव कसाबसा पास झाला. बरेच क्वेकर तेव्हा स्वतः मतदान करत नसत. युद्ध करणाऱ्या सरकारात भाग घेणंच त्यांना नको वाटायचं. जिच्या नवऱ्यालाच मत नको ती मत मागायला का धावेल?

ओवी_अभंग:
सगळ्यांचं वाचलं. निवडुंग आणि जुनाखोड यांच्यात मी पंच होणार नाही, पण रानमेवा यांनी रॉचेस्टरचं नाव काढलं म्हणून तिथलं वाचून काढलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे बरंचसं मिळालं.

२ ऑगस्ट १८४८. सेनेका फॉल्सला बायकांनी सगळी तयारी केली, पण दुसऱ्या दिवशी अध्यक्षपदी बसला जेम्स मॉट. रॉचेस्टरला एमी पोस्ट आणि तिच्या क्वेकर मैत्रिणींनी ठरवलं की अध्यक्षही बाईच हवी, आणि अबिगेल बुशचं नाव पुढे केलं. विरोध कुणी केला? लुक्रेशिया मॉट आणि स्टँटनने! मिश्र सभेवर बाई अध्यक्ष हे त्यांना फार धाडसाचं वाटलं. बुश तरीही अध्यक्ष झाली आणि सभा उत्तम पार पडली. स्टँटनने नंतर एमी पोस्टला पत्र लिहून माफी मागितली.

आता फिलीकरांची ती पडदी आठवा. मॉट हजारो लोकांपुढे प्रवचन देऊ शकत होती, कारण प्रार्थनेच्या वेळी फळ्या उघड्या असत. कारभार मात्र तिने फळ्या बंद असतानाच केलेला. पुरुष समोर बसलेत आणि बाई सभा चालवतेय, हे तिच्याही डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे पंथाने तिला जिथपर्यंत सवय दिली तिथपर्यंत ती बेधडक, त्यापुढे तीही आपल्यासारखीच चाचरणारी.

आणि दुसरी गोष्ट मला फार आवडली. रॉचेस्टरला सचिव झालेल्या बायका वाचायला लागल्या तर आवाज मागपर्यंत पोचेना. लोक ओरडायला लागले, मोठ्याने, मोठ्याने. तेव्हा सारा अँथनी बर्टिस पुढे आली. क्वेकर, आणि पेशाने शिक्षिका. वर्गावर वर्षानुवर्षं कमावलेला आवाज. तिने इतिवृत्त खणखणीत वाचून दाखवलं आणि ओरडा थांबला. जुनाखोडांची सवय, माईच्या लेकीचं रजिस्टर आणि रानमेवांची शाळा, तिन्ही त्या एका बाईत सापडतात.

निवडुंग:
ओवीताई, निम्मं मान्य. उरलेलं निम्मं असं की एमी पोस्टच्या मैत्रिणी तेव्हा कुठे होत्या? जून १८४८ मध्ये, म्हणजे हंटबाईंच्या चहाच्या महिनाभर आधी, त्यांच्या भागातल्या क्वेकरांत फूट पडली होती. गुलामगिरीविरुद्ध बोलण्याच्या आणि वडीलधाऱ्यांच्या अधिकाराच्या मुद्द्यावर बरेच जण बाहेर पडले, मॅक्लिंटॉक कुटुंबही त्यांत. या नव्या गटात स्त्री-पुरुषांच्या सभा वेगळ्या नव्हत्याच. म्हणजे तुमच्या त्या फळ्याच यांनी काढून टाकल्या होत्या. मॉट फिलाडेल्फियाची, तिच्याकडे फळ्या होत्या. म्हणून ती चाचरली आणि रॉचेस्टरवाल्या चाचरल्या नाहीत.

जुनाखोड:
हा मुद्दा मात्र जोरदार आहे. पण फूट पाडणारेही क्वेकरच होते, हे विसरू नका :)

फिलीकर:
ॲलिस पॉलचं कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. न्यू जर्सीतल्या क्वेकर घरातली. १९१७च्या जानेवारीपासून व्हाइट हाउसच्या फाटकाशी फलक घेऊन बायका मुक्याने उभ्या राहायच्या, ते हिचं डोकं. तुरुंग, उपोषण, नळीने जबरदस्तीचं अन्न, सगळं झालं. १९२३ मध्ये समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचा मसुदा तिने सेनेका फॉल्सलाच जाहीर केला आणि त्याला नाव दिलं लुक्रेशिया मॉटचं.

निवडुंग:
आणि १९१३च्या वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात काळ्या बायकांना मागे चालायला सांगितलं, तेही हिच्याच संघटनेने. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईने ऐकलं नाही, ती इलिनॉयच्या तुकडीत घुसून चालली. तो बाक काही शतकाने हलला नव्हता.

जुनाखोड:
सगळे अमेरिकेतच रमलात. इंग्लंडमध्ये चेम्सफर्डची ॲन नाइट ही क्वेकर बाई. लंडनच्या परिषदेत बायकांना बसू दिलं नाही याचा तिला इतका संताप आला की ती बायकांच्या हक्कांकडे वळली, आणि १८४७ मध्ये मताधिकारावर पत्रक काढलं. सेनेका फॉल्सच्या एक वर्ष आधी! तिच्यावर कुणीच बोललं नाही.

ओवी_अभंग:
काका, तिच्यावर वेगळा धागा तुम्हीच काढा. हा दुसऱ्या पानावर गेला.

निवडुंग:
काढाच काका. लंडनच्या परिषदेवरून आपलं भांडण तसंही अर्धंच राहिलंय.